पावणेदोन लाखाच्या वर किलोमीटर चाललेल्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑईल फ्लश करावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. गाडी २०१७ ची इनोव्हा क्रिस्टा, २.८ डिझेल ऑटोमॅटिक, पुण्याहून सेकंडहँड आणलेली, आता दर्यापूर तालुक्यात चालून राहिली, मीटरवर १,८६,००० किलोमीटर, गिअरबॉक्सचं ऑईल आधीच्या मालकानं कधी बदललं का नाही याचा कागद नाही. शहरातला एक गॅरेजवाला म्हणते मशीन लावून फ्लश करून टाकू, म्हणजे सारं जुनं ऑईल मशीननं एकदम बाहेर आणि नवं आत, अर्ध्या तासात नवीन. गावातला मिस्त्री म्हणते हातच लावू नका, इतक्या किलोमीटरवर नवं ऑईल पडलं का गिअरबॉक्स बसलाच समजा. आणि गाडी चालवताना तुम्हाला तसा काही त्रास नाही, फक्त सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकला का थोडा झटका येते.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ऑईल बदला. पण मशीनचं फ्लश नको, खालून काढून वरून भरायचं, थोडं-थोडं, तीन-चार खेपेत. आणि पहिली खेप करायच्या आधी गिअरबॉक्स धड आहे का नाही ते पाहून घ्या, कारण सारा खेळ तिथंच आहे, किलोमीटरच्या आकड्यात नाही.

गावातल्या मिस्त्रीला मात्र खोटं पाडू नका. तो जे सांगून राहिला ते त्यानं डोळ्यानं पाहिलेलं असते, मी पण पाहिलं आहे. होते असं का ऑटोमॅटिक गाडीला वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, गाडी चालते आहे ना मग कशाला. मग एक दिवस चढावर इंजिन नुसतं ओरडते आणि गाडी उचलत नाही, म्हणजे क्लच प्लेटा घसरायला लागल्या. तेव्हा मालक घाबरते, कोणाला तरी विचारते, तो म्हणते ऑईल बदलून पाहा, ऑईल बदलते, आणि थोड्याच दिवसात गिअरबॉक्स बसते. आता बसणारच होता तो, प्लेटांवरचं अस्तर आधीच संपलेलं होतं, पण शेवटचं काम ऑईलचं झालं म्हणून नाव ऑईलचं झालं. माझ्याकडे एक जुनी मोठी एसयूव्ही अशीच टेम्पोवर टाकून आली होती, दुसरीकडे फ्लश करून घेतलेली. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या खालचं ऑईल साचायचं भांडं, खोललं तर खाली काळा गाळ आणि प्लेटांचा चुरा, इतका चुरा काही आठ दिवसात होत नाही, तो वर्षभर साचत आलेला. मालक मात्र आजही सांगते का नव्या ऑईलनं गाडी गेली.

पण त्या बोलण्यात थोडं खरं पण आहे, ते पण समजून घ्या. ऑटोमॅटिकच्या ऑईलमध्ये साफ करणारी रसायनं राहतात. जुन्या गिअरबॉक्समध्ये वाल्व बॉडीच्या, म्हणजे ऑईल कुठं पाठवायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या, बारीक रस्त्यांत, पिस्टनच्या सीलच्या मागं, चेंबरच्या तळाशी वर्षांचा लेप बसलेला असते. एकदम सारं नवं ऑईल, वरून प्रेशर, आणि वरून कोणी क्लीनरची बाटली पण ओतली, तर तो लेप एकदम सुटते आणि नेमका बारीक सोलेनॉईडमध्ये (विजेवर उघडझाप करणाऱ्या वाल्वमध्ये) नाही तर वाल्वमध्ये जाऊन अडकते. गिअर पडायला उशीर, झटके, मग चेक लाईट. दुसरं म्हणजे झिजलेल्या प्लेटांचा चुरा जुन्या ऑईलमध्ये तरंगत राहते, पुष्कळ मिस्त्री मानतात का त्या खरखरीतपणानं संपत आलेल्या प्लेटा कशाबशा पकड धरून राहतात, ते ऑईल काढून स्वच्छ टाकलं तर उरलेली पकड पण जाते. म्हणून ज्या गिअरबॉक्सच्या प्लेटा संपल्या त्याला ऑईल बदलून फायदा नाही. ज्याच्या शाबूत आहेत त्याला न बदलून तोटा आहे. हे दोन वेगवेगळे गिअरबॉक्स आहेत आणि गावात दोघांचा एकच हिशोब लावून राहिले.

ऑईल इतकं महत्त्वाचं काहून तर बोलेरो-सुमोच्या साध्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑईलला मुख्य काम एकच, दाते घासू नये. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनची ताकदच ऑईलमधून जाते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक पंखा ऑईल फेकते आणि समोरचा पंखा त्या माऱ्यानं फिरते, मधात लोखंडाचा जोड नाही, लॉकअप, म्हणजे दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच, लागेपर्यंत तरी नाही. मग जेसीबीचा बूम जसा ऑईलच्या प्रेशरनं उचलते तसंच आत क्लच प्लेटांचे गठ्ठे ऑईलच्या प्रेशरनं दाबले जातात, कोणता गठ्ठा दाबायचा ते वाल्व बॉडी आणि सोलेनॉईड ठरवतात, आणि त्यावर तुमचा पहिला, दुसरा, तिसरा गिअर पडते. वरून तेच ऑईल गरमी पण बाहेर नेते, आणि प्लेट धरताना किती घसरावी आणि कुठं पक्की पकडावी हे पण त्याच ऑईलमधल्या रसायनांवर आहे. ती रसायनं गरमीनं मरतात. मेली का गिअर खडबडीत पडायला लागतात, आणि लोक म्हणतात गाडी जुनी झाली, आता असंच चालणार.

कंपन्या लाईफटाईम ऑईल म्हणतात, बदलायची गरज नाही म्हणतात, हे तुम्ही पण ऐकलं असेल. मी त्याला मानत नाही, आणि गिअरबॉक्स बनवणारे स्वतः पण मानत नाहीत. जर्मनीची झेडएफ, जिचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूसारख्या महाग गाड्यांत बसतात, तिचंच सांगणं आहे का वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला नाही तर ८ वर्षांनी ऑईल बदला. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीला (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला) दर ६०,००० ला बदलायचं लिहिलेलं आहे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पण पाहा, साधा वापर आणि खडतर वापर असे वेगळे तक्ते राहतात. आणि आपल्या इकडचा वापर साधा कोणत्या तोंडानं म्हणायचा? मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर, धूळ, शेतरस्ते, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. तुमची गाडी खडतरवाल्या तक्त्यातच बसते.

इथं एक गोष्ट सांगतो जी बऱ्याच लोकांना उलटी वाटते. समृद्धीवर कारंज्याहून चढून सरळ ठरल्या स्पीडनं नागपूरला गेलं तर गिअरबॉक्सला फारसा त्रास नाही. वरचा गिअर पडलेला, कन्व्हर्टर लॉक, आत घसरण नाही, समोरून हवा आहे. गिअरबॉक्स जळते ते हळू चालताना. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट सात माणसं आणि टपावर सामान घेऊन, एसी लावून, वीस-तीसच्या स्पीडनं चढला तर कन्व्हर्टर सारा वेळ घसरते आणि ती सारी गरमी ऑईलमध्ये. त्याच्यावरचं म्हणजे चिखलात फसलेली गाडी डी-आर-डी-आर (पुढं-मागं, पुढं-मागं) करत हलवून काढणं, चाक जागेवरच फिरून राहिलं आणि तुम्ही रेस देऊन राहिले, पाच-दहा मिनिटात ऑईलची अशी गरमी होते जी महिनाभर हायवेवर होत नाही. ऑईल साधारण ८० ते ९५ डिग्रीवर सुखात राहते, त्याच्या वर दर दहा-अकरा डिग्रीला त्याचं आयुष्य अर्ध्यावर येते असा हिशोब मिस्त्री लोक धरतात. म्हणून १,८६,००० पुणे-मुंबई हायवेचे असले तर एक गोष्ट, आणि पुण्याच्या ट्रॅफिकमधले असले तर दुसरी. शोरूमला गाडीचा नंबर किंवा चेसिस नंबर देऊन जुनी सर्व्हिस हिस्ट्री निघते का पाहा, एक फोन लावायचं काम आहे, गिअरबॉक्सचं ऑईल कधी बदललं असेल तर तिथं दिसेल.

आता बदलायच्या आधी काय पाहायचं. आधी गाडी चालवून पाहा, गरम झाल्यावर पण आणि सकाळी थंडी असताना पण. ब्रेक दाबून एन मधून डी टाका, मग आर. सेकंदभरात गाडीनं धरलं पाहिजे, गरम गाडीत दोन-तीन सेकंद वाट पाहावी लागली तर आत प्रेशर कमी आहे, ऑईल कमी असेल किंवा सील गेले असतील. मग रस्त्यावर अर्ध्या ॲक्सिलेटरनं उचला आणि नजर आरपीएमच्या काट्यावर ठेवा. गिअर बदलताना काटा खाली यायच्या ऐवजी वर उडी मारते आणि गाडी तितकी उचलत नाही, तर ती घसरण. ती असली तर थांबा, ऑईलवर पैसे घालू नका, ती वेगळी गोष्ट आहे, खाली सांगतो. साठ-सत्तरच्या स्पीडला हलक्या ॲक्सिलेटरवर गाडी खडखडते, जसं काही रस्त्यावर बारीक पट्ट्या आहेत, असं असलं तर मात्र चांगली बातमी आहे, ते बहुतेक वेळा लॉकअप क्लचची थरथर राहते आणि ती योग्य ऑईल बदलल्यावर पुष्कळदा कमी होते, कधी पूर्ण जाते. तुमचा सकाळचा रिव्हर्सचा झटका एकटाच असेल, दिवसभर काही नसेल, तर मला त्याची मोठी भीती वाटत नाही. इंजिन थंड असताना आरपीएम जास्त राहते आणि त्याच वेळी आर टाकला का झटका येतेच. अर्धा-एक मिनिट थांबून टाकून पाहा, आणि इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग पण तपासायला लावा, रबर फाटलं असलं तरी हेच लक्षण.

मग थोडं ऑईल काढून पांढऱ्या कागदावर टाका. नवं ऑईल लाल राहते. तपकिरी झालं म्हणजे वय झालं, इतकंच. काळं आहे आणि जळका वास येते, बोटावर चोळलं तर बारीक कचकच लागते, तर प्लेटा जळलेल्या आहेत. नुसत्या रंगावर निकाल देऊ नका, काही ऑईल लवकर गडद होतात, पण वास खोटं बोलत नाही.

आणि गुलाबी दूध दिसलं तर? दह्याच्या लस्सीसारखं घट्ट, गुलाबी. मग गाडी तिथंच बंद करा, घरापर्यंत पण नेऊ नका. याचा अर्थ रेडिएटरमधलं कूलंट गिअरबॉक्सच्या ऑईलमध्ये घुसलं. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑईलचा कूलर रेडिएटरच्या पोटातच राहते, मधात फक्त एक पातळ धातूचा पडदा. हे मी मुद्दाम लांबवून सांगून राहिलो कारण तुम्ही दर्यापूरकडचे, म्हणजे आपला पूर्णेचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात बोअरचं पाणी कसं आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पिकाला देता येत नाही, चहा त्याचा होत नाही. आणि तेच पाणी लोक उन्हाळ्यात बिनधास्त रेडिएटरमध्ये ओततात! क्षार आत बसते, धातू खाते, आणि एक दिवस तो पडदा फुटते. क्लच प्लेटांचं अस्तर कागदासारखं राहते आणि ते चिकटवलेलं राहते, पाणी लागलं का फुगते आणि सुटते, मग कितीही ऑईल बदला, उपयोग नाही. म्हणून रेडिएटरचं झाकण थंड गाडीत खोलून पाहा, कूलंटवर तेलाचा तवंग आहे का, आत पांढरा थर आहे का. थर दिसला तर कूलंटचं काम आधी, गिअरबॉक्सचं नंतर. आणि यापुढं कंपनीचं तयार कूलंट नाही तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं, बोअरचं नाही म्हणजे नाही, एक लिटर पण नाही.

हे सारं ठीक निघालं, तर कामाला लागा.

मशीनवाल्याला मी नाही काहून म्हणतो ते सांगतो, कारण सगळी मशीनं वाईट नाहीत. एक पद्धत आहे ज्यात कूलरचा पाईप खोलून मशीन मधात जोडतात, गिअरबॉक्सचा स्वतःचाच पंप जुनं ऑईल बाहेर टाकते आणि तितकंच नवं आत जाते, वरून प्रेशर नाही. नियमित बदललेल्या गाडीला ही पद्धत चांगली आहे, एका बैठकीत जवळपास सारं ऑईल नवं होते. दुसरी पद्धत म्हणजे मशीनच्या प्रेशरनं ढकलायचं, कधी उलट्या दिशेनं, आणि आधी क्लीनर टाकून इंजिन चालू ठेवायचं. ही जुन्या, हात न लावलेल्या गिअरबॉक्सला नको. तुम्हाला कोणत्या मशीनची गोष्ट करून राहिले ते गॅरेजवाल्याला पण बरेचदा माहीत नसते, अर्ध्या तासात नवीन म्हणते तो चेंबर खोलणार नाही हे तर नक्की. चेंबर खोललं नाही म्हणजे चुंबकावरचा कचरा आतच, फिल्टर जुनाच. आणि मशीनच्या नळ्यांत आधीच्या गाडीचं कोणतं ऑईल उरलं होतं ते कोणी पाहिलं?

म्हणून माझी पद्धत सावकाश आहे. पहिल्या खेपेला चेंबर उतरवायचं. पण त्याच्याही आधी, आणि हे आपल्या मिस्त्रीला लिहून द्या, वरचा भरायचा बोल्ट आधी ढिला करून पाहायचा. तो जाम असते बऱ्याचदा. खालून ऑईल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट सुटलाच नाही, का त्याचं डोकं गोल झालं, तर गाडी तिथंच उभी. बोल्ट सुटला का मग खालचा ड्रेन खोला, आणि निघालेलं ऑईल मापाच्या भांड्यात घ्या, टपात नाही. किती निघालं ते लिहून ठेवा, तितकंच भरायचं आहे.

चेंबर उतरलं का चुंबक पाहा. त्यावर राखाडी मऊ लेप, ग्रीससारखा, हे चालते, प्रत्येक गिअरबॉक्समध्ये राहते. चमकणारा कडक धातूचा कीस, पितळेचे पिवळे कण, काळे अस्तराचे तुकडे दिसले तर फोटो काढून ठेवा, तिथंच निर्णय घ्या, पुढं ऑईल घालायचं का गिअरबॉक्स खोलायचा. लेपच असला तर चुंबक पुसा, चेंबर डिझेलनं नाही, ब्रेक क्लीनरनं धुवा आणि पुसून सुकवा, कापडाचं सूत आत राहू देऊ नका. फिल्टर बदला, पॅकिंग नवं टाका. चेंबरचे बोल्ट बारीक राहतात, चाकाच्या नटासारखे आवळले तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग कायमचं लीकेज. आडवे-तिडवे, थोडे-थोडे, टॉर्क पाना असेल तर त्यानंच.

ऑईल कोणतं? तुमच्या गाडीला टोयोटाचं डब्ल्यूएस नावाचं ऑईल लागते, ते पातळ आहे, डेक्सरॉन थ्री या जुन्या ग्रेडच्या हिशोबानं बनवलेलं दुसरं ऑईल त्यात चालत नाही, आणि सगळ्या गाड्यांना चालते असं लिहिलेलं ऑईल मी या गिअरबॉक्समध्ये टाकत नाही. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑईल तर बाप्पा चुकूनही नको, लाल आहे म्हणून, पॉवर स्टेअरिंगमध्ये चालते म्हणून, लोकांनी टाकलेलं मी पाहिलं आहे. डबा पॅकबंद, बिलासोबत, शोरूमच्या पार्ट काउंटरवरून किंवा ओळखीच्या डीलरकडून घ्या, डुप्लिकेट डब्यांचा बाजार मोठा आहे. चार पैसे वाचवायला सुट्टं ऑईल घेऊ नका.

आता हिशोब पाहा. समजा गिअरबॉक्स, कन्व्हर्टर, कूलर मिळून ९ लिटर ऑईल आहे आणि खालून साडेतीन लिटर निघते, बाकी कन्व्हर्टरमध्ये आणि पाईपमध्ये अडकून राहते. पहिल्या खेपेत सुमारे ३९ टक्के नवं झालं. दुसऱ्या खेपेनंतर ६३, तिसऱ्यानंतर ७७, चौथ्यानंतर ८६. तुमच्या गाडीचे खरे आकडे निघालेल्या ऑईलवरून काढा, पण चित्र असंच राहते. दोन खेपांच्या मधात हजार-दीड हजार किलोमीटर चालवा, म्हणजे नवं ऑईल जुन्यात मिसळून हळूहळू लेप सोडवते, आणि पुढच्या खेपेला तो बाहेर जाते. प्रत्येक वेळी बाटलीत थोडं जुनं ऑईल भरून तारीख आणि किलोमीटर लिहून खिडकीत ठेवा, रंग कसा उघडत जाते ते दिसते. चेंबर फक्त पहिल्या खेपेला खोलायचं, पुढं नुसता ड्रेन. तिसऱ्या खेपेला निघालेलं लाल दिसलं तर चौथीची गरज नाही.

लेव्हल हा भाग लोक सगळ्यात जास्त बिघडवतात. या गिअरबॉक्सला इंजिनसारखी डिपस्टिक नाही. गाडी एकदम सपाट, चारही चाकं सारख्या उंचीवर, एकाच बाजूनं जॅक लावलेली चालत नाही. इंजिन चालू, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा फिरवून परत पी मध्ये, मग तपासायचा बोल्ट खोलायचा, जास्तीचं ऑईल वाहून जाते आणि थेंब-थेंब व्हायला लागलं का बोल्ट बंद. पण हे ऑईल एका ठरावीक गरमीवर असताना करायचं, बऱ्याच गिअरबॉक्सना साधारण ३५ ते ४५ डिग्री, तुमच्या गाडीचा नेमका आकडा रिपेअर मॅन्युअलमध्ये आहे आणि स्कॅनरवर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या यंत्रावर, ऑईलचं टेम्परेचर दिसते. आता सांगा, मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये ४६ डिग्री असताना हे कसं जमेल? ऑईल डब्यातच तितकं गरम. गरम ऑईल फुगते, मग लेव्हल बरोबर दिसते आणि खरं म्हणजे कमी भरलं जाते, आणि कमी ऑईलमध्ये पंप हवा ओढते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. रात्री गाडी गॅरेजवर सोडा, ऑईलचे डबे सावलीत ठेवा, साडेपाच-सहाला सुरू करा. माझं ऐकाल तर हे काम दिवाळीनंतर काढा, कापूस घरी यायच्या दिवसांत हवा थंड राहते आणि वाहत्या ऑईलवर नीट नजर ठेवता येते. जास्त भरणं पण तितकंच वाईट आहे, आत फेस होते आणि फेसावर प्रेशर बनत नाही.

काम झाल्यावर पहिले शंभर-दोनशे किलोमीटर गिअर थोडे वेगळे पडल्यासारखे वाटतील, घाबरू नका, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर जुन्या ऑईलच्या हिशोबानं शिकलेला राहते. स्कॅनरनं ते शिकलेलं मिटवून परत शिकवता येते, पण ज्याला ती पद्धत माहीत आहे त्याच्याकडूनच, नाही तर साधं, हळू, सगळे गिअर पडतील असं चालवा, बहुतेक वेळा आपोआप जमून येते. खालून लीकेज आहे का ते दुसऱ्या दिवशी पुठ्ठा टाकून पाहा. निघालेलं जुनं ऑईल नाल्यात नका टाकू, विहिरीजवळ तर अजिबात नाही, डब्यात भरून ठेवा आणि जुनं ऑईल घेणाऱ्या परवानाधारकाकडे जाणाऱ्या गॅरेजला द्या.

आता ज्यांच्या गाडीत घसरण आधीच सुरू झाली त्यांच्यासाठी. स्कॅनर लावा, कोड पाहा, लेव्हल पाहा, कारण नुसतं ऑईल कमी असल्यानं पण घसरते, लीकेज बंद करून भरलं का गाडी ठीक झालेली मी पाहिली आहे. लेव्हल बरोबर आहे, ऑईल काळं-जळकं आहे आणि गरम झाल्यावर घसरते, तर फ्लशवर आणि ऑईलवर पैसे घालू नका, ते पैसे जपून ठेवा. तेव्हा दोनच रस्ते, गिअरबॉक्स खोलून प्लेटा, सील, बेअरिंग बदलणं, किंवा चांगला वापरलेला गिअरबॉक्स बसवणं. दोन्ही काम लाखाच्या घरात जाऊ शकते, म्हणून ज्याला ऑटोमॅटिक खोलायचा हात आहे अशाच माणसाकडे न्या. सोयाबीन विकून आलेला पैसा आहे तो, अंदाजानं खोलणाऱ्याच्या हाती देऊ नका.

एक गोष्ट प्रश्नात नव्हती, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून गावापर्यंत टोचन करू नका. गिअरबॉक्सचा ऑईल पंप इंजिनवर फिरते. इंजिन बंद, पंप बंद, आणि मागची चाकं रस्त्यावर फिरून राहिली म्हणजे आतले भाग कोरडे फिरून राहिले. तुमची क्रिस्टा मागच्या चाकावर चालते, म्हणून मागची चाकं उचललेली पाहिजे, नाही तर सरळ गाडी टेम्पोवर. चिखलातून चार पावलं बाहेर ओढायला न्यूट्रल टाकून ट्रॅक्टर लावला तर हरकत नाही. पण तिथून पुढं नाही.

तुमच्या मेव्हण्याच्या होंडा सिटीचं तुम्ही शेवटी विचारलं, सीव्हीटीवाली, २०१५ ची. तिची गोष्ट वेगळी. सीव्हीटीमध्ये लोखंडाचा पट्टा दोन पुलीमध्ये दाबून धरलेला राहते, तो घसरू नये म्हणून तिला वेगळं ऑईल लागते, त्या गाडीला होंडाचं एचसीएफ-२. साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) त्यात गेलं तर पट्टा पुलीवर घसरते, ओरखडे पडतात आणि ते परत नीट होत नाहीत. तिला पण फ्लश नको, ड्रेन करून भरायचं, आणि मॅन्युअलमध्ये जो किलोमीटरचा आकडा आहे त्याच्या आधीच बदललं तर चांगलं, आपल्या गरमीत सीव्हीटी जास्त तापते. आणि घरच्या बोलेरोला कोणी गिअरबॉक्स फ्लश सांगत असेल तर सरळ नाही म्हणा. मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, गाडी थोडी फिरवून ऑईल कोमट करा, खालचा बोल्ट खोला, वाहू द्या, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं नवं ऑईल बाजूच्या छिद्राच्या काठापर्यंत भरा आणि बोल्ट लावा. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑईलची ग्रेड) लिहिलं असेल तर जीएल-५ जास्त भारी म्हणून टाकू नका, त्यातली रसायनं आतल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर अलगद पाडणाऱ्या कड्यांना) खाऊ शकतात.

क्रिस्टाची पहिली खेप झाली का किती लिटर निघालं आणि चुंबकाचा फोटो पाठवा, पुढच्या खेपेचं त्यावरून सांगतो.